घराजवळच्या उन्हाळी सहली : कौटुंबिक विरंगुळा आणि सार्वजनिक अवकाश
(पुणे शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील शहरी कुटुंबाच्या उन्हाळ्याचा विचार केला की दोन चित्रे चटकन डोळ्यांपुढे येतात. एक, मुलांनी आजोळी जाऊन महिनाभर राहण्याचे. दुसरे, महाबळेश्वर किंवा माथेरानसारख्या थंड हवेच्या ठिकाणी काही दिवस घालविण्याचे. पहिल्याची दखल ललित साहित्याने आणि दुसऱ्याची पर्यटनशास्त्राने घेतलेली आहे. या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रकार मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. सुट्टीच्या दिवशी पहाटे डबा बरोबर घेऊन निघावे आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावे, असा हा प्रकार होय. या सहलीत मुक्काम नसल्यामुळे पर्यटनशास्त्राच्या रूढ व्याख्येनुसार ती करणारी व्यक्ती 'पर्यटक'सुद्धा ठरत नाही. ती केवळ 'एकदिवसीय प्रवासी' ठरते.

ज्या कुटुंबाला दीर्घ रजा मिळत नाही, ज्याचे गावाकडचे घर आता उरलेले नाही आणि ज्याला हॉटेलातील मुक्काम परवडत नाही, त्याच्या वाट्याला येणारा उन्हाळी विरंगुळा प्रामुख्याने हाच असतो. अशी सहल कुटुंबाच्या हौसेवर आणि ऐपतीवर अवलंबून आहे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ती सुट्टीचा दिवस, मोकळी जागा, स्वस्त वाहतूक आणि घरातील स्त्रीचे श्रम अशा चार आधारांवर उभी असते. यांपैकी पहिले तीन सार्वजनिक आहेत आणि चौथा बहुधा अदृश्य आहे. पुणे शहराच्या उदाहरणावरून या चारही आधारांचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. पूर्वपीठिका : तिथीकडून वाराकडे

घराबाहेर एकत्र जेवण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. कार्तिकातील आवळीभोजन, निरनिराळ्या निमित्ताने होणारी वनभोजने, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची किंवा वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची यात्रा ही सर्व सहलीचीच जुनी रूपे म्हणता येतील. या प्रसंगांना धार्मिक निमित्त होते. परंतु मुलांना गावाबाहेरचे जग दाखविणे, नातेवाइकांच्या भेटी घडविणे आणि रोजच्या कामातून मोकळीक देणे हे कार्यही त्यांतून साधले जात असे.

जुनी सहल तिथीला बांधलेली होती, तर आधुनिक सहल वाराला बांधलेली आहे. तिथीच्या सहलीत सगळे गाव एकाच दिवशी मोकळे होत असे. वाराच्या सहलीत मात्र कोण कोणत्या दिवशी मोकळा आहे, हे नोकरीचे स्वरूप ठरविते. म्हणूनच कौटुंबिक सहलीच्या अभ्यासाचा आरंभ प्रवासापासून न करता सुट्टीपासून करणे इष्ट ठरते.

२. सुट्टीचा दिवस : एक मिळविलेला हक्क

रविवारची सुट्टी आज निसर्गक्रमासारखी स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती मागून घेतलेली आहे. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुढे आणली. त्यानंतरच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारी सुट्टी देण्याचे मान्य झाले आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला वैधानिक आधार मिळाला. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हे तत्त्व पुढे चालविले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये कामगारांना निर्वाहवेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, असे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. फुरसत ही चैन नसून चांगल्या जीवनमानाचा भाग आहे, हा विचार त्यातून व्यक्त होतो.

'शनिवार-रविवार' ही जोडी याहून अलीकडची आहे. केंद्र शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये आला. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी सप्टेंबर २०१५ पासून मिळू लागली, तर महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाला. संगणक क्षेत्रातील नोकरदारांमुळे ही जोडसुट्टी पुण्यात विशेष परिचित झाली असली, तरी ती सर्वांची नाही. पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दुकाने व आस्थापनांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमाने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली आणि प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस विश्रांती देणे बंधनकारक केले. मात्र हा दिवस रविवारच असेल, अशी हमी त्यात नाही.

शाळांच्या उन्हाळी सुट्टीचे कुटुंबाच्या दृष्टीने जे महत्त्व आहे, ते यावरून लक्षात येते. वडिलांना गुरुवारी, आईला रविवारी आणि मुलांना रविवारी सुट्टी असलेल्या घरात एरवी वडील मुलांबरोबर सबंध दिवस क्वचितच घालवू शकतात. एप्रिलअखेर परीक्षा संपल्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत मुलांचे सातही दिवस मोकळे असतात. या दीड महिन्यात वडिलांचा गुरुवार मुलांचाही गुरुवार होतो. आईने एक दिवसाची रजा काढली की सगळे घर एकत्र बाहेर पडू शकते. कामगार कुटुंबाच्या दृष्टीने 'वीकएंड' हा दिनदर्शिकेत छापलेला नसून तो असा जुळवून आणावा लागतो. फिरत्या पाळीत काम करणारे, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि घरोघरी वस्तू पोहोचविणारे तरुण यांना तर तोही जुळविता येत नाही. इतरांच्या सुट्टीचा दिवस हाच त्यांच्या अधिक कामाचा दिवस असतो.

३. घड्याळ आणि उंची : उन्हाळी सहलीचा भूगोल

उन्हाळ्यात सहल काढणे हा वरकरणी विरोधाभास आहे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे कमाल तापमान ३७-३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काही दिवस ते ४० अंशांच्या पुढे जाते. तरीही या शहरात उन्हाळी सहल शक्य होते. त्यामागे दोन भौगोलिक कारणे आहेत.

पहिले कारण दैनिक तापमानकक्षेचे आहे. समुद्रापासून दूर, पठारावर, कोरड्या हवेत वसलेल्या शहरात दिवस जितका तापतो तितकीच रात्र निवते. कमाल आणि किमान तापमानात पंधरा अंशांहून अधिक फरक पडू शकतो. त्यामुळे पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि सायंकाळी साडेपाचनंतर असे दिवसाचे दोन सुसह्य कालखंड मिळतात. दमट हवेच्या मुंबईत ही सोय कमी आहे. म्हणून पुणेकरांच्या सहलीचे नियोजन स्थळापेक्षा घड्याळाने अधिक ठरते, असे म्हणणे वावगे होणार नाही. सकाळ टेकडीवर, दुपार छताखाली आणि संध्याकाळ बागेत, हा क्रम अनुभवातून रूढ झालेला आहे.

दुसरे कारण उंचीचे आहे. समुद्रसपाटीपासून उंची वाढत जाते तसे तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंशांनी कमी होते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे तीस किलोमीटरवर असलेला सिंहगड सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. हा फरक साडेसातशे मीटरांच्या जवळपास भरतो. म्हणजे गडावरील हवा शहरापेक्षा सुमारे पाच अंशांनी थंड असणे अपेक्षित आहे. वाऱ्यामुळे हा गारवा अधिकच जाणवतो. तानाजी मालुसरे यांच्या १६७० च्या पराक्रमाने हा गड इतिहासात अजरामर झाला. लोकमान्य टिळकांचेही तेथे उन्हाळ्यात राहण्याचे घर होते. पुण्याच्या कुटुंबांना तेथे इतिहासाबरोबर हवाबदलही मिळतो.

शहराच्या आतील स्थळांचेही असेच वर्गीकरण करता येते. पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या सूर्योदयाच्या सुमारास चढणे सुखाचे असते; हेच काम सकाळी दहा वाजता त्रासाचे होते. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी व तळजाई ही प्रभातकाळची ठिकाणे होत. दुपारसाठी राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखी वास्तू योग्य ठरते. दिनकर केळकर यांनी जमविलेले दिवे, अडकित्ते, भांडी व वाद्ये यांचा हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. आजीने वापरलेली वस्तू नातवंडांना काचेआड दिसावी आणि तिने तिचा उपयोग सांगावा, असा तीन पिढ्यांचा संवाद तेथे सहज घडतो. संध्याकाळी सारसबाग, एम्प्रेस गार्डन किंवा पु. ल. देशपांडे उद्यान येथे झाडांखाली बसता येते. झाडांची केवळ सावलीच नव्हे, तर पानांतून होणारे बाष्पोत्सर्जनही भोवतालची उष्णता कमी करते. डांबरी रस्त्यालगतचे घर आणि एम्प्रेस गार्डनमधील जुन्या वृक्षांखालची जागा यांतील फरक लहान मुलांनाही तत्काळ जाणवतो.

४. शिदोरी आणि श्रम

सहलीचा खर्च आटोक्यात राहतो, याचे एक मोठे कारण घरून नेलेली शिदोरी हे आहे. मराठी घरातील प्रवासाच्या पदार्थांमागे टिकाऊपणाचे शास्त्र आहे. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवितात. त्यामुळे ती मऊ राहते आणि पोळीपेक्षा जास्त टिकते, असा गृहिणींचा अनुभव आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी चटणी आणि लोणचे यांत पाण्याचा अंश कमी व तेल-मिठाचा अधिक असतो. याउलट ओल्या नारळाची चटणी किंवा बटाट्याची ओली भाजी मे महिन्याच्या उष्म्यात दुपारपर्यंत आंबण्याची भीती असते. कैरीचे पन्हे, ताक व लिंबाचे सरबत ही पेये घामावाटे गेलेले पाणी व क्षार काही अंशी भरून काढतात. करवंदे व जांभळे हा रानमेवा वाटेवर मिळतो आणि स्थानिक विक्रेत्यांना त्यातून चार पैसे मिळतात. सिंहगडाच्या परिसरातील कुटुंबे वर्षानुवर्षे पिठले-भाकरी, भरीत आणि मडक्यातील दही विकत आली आहेत. एका कुटुंबाचा विरंगुळा हा दुसऱ्या कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा भाग असतो, ही बाबही या ठिकाणी लक्षात घ्यावयास हवी.

तथापि, शिदोरीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. साडेपाच वाजता निघावयाचे तर पुऱ्या चार वाजता तळाव्या लागतात. पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, बसावयाची सतरंजी यांची आठवण बहुधा एकाच व्यक्तीने ठेवावयाची असते. परत आल्यावर डबे घासणे आणि कपडे भिजविणे हेही तिच्याकडेच येते. राष्ट्रीय पातळीवरील वेळवापर सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे असे आले. म्हणजे स्त्रियांचा भार किंचित हलका झाला, परंतु पुरुषांनी तो उचलला असे दिसत नाही. सहलीचा दिवस या असमतोलाला अपवाद ठरत नाही. किंबहुना तो दिवस हा असमतोल अधिक ठळक करतो. घरातील चौघांची सुट्टी पाचव्या व्यक्तीच्या जादा कामावर उभी असेल, तर तिला 'कौटुंबिक' विरंगुळा म्हणणे अर्धसत्य ठरेल.

यावरचा उपाय शिदोरी बंद करून उपाहारगृहात जेवणे एवढाच नाही. तो सर्वांना परवडणाराही नाही. आदल्या संध्याकाळच्या तयारीपासून डबे घासण्यापर्यंतची कामे नावनिशी वाटून घेणे हा साधा उपाय आहे. उन्हाळी सुट्टीत मुलांच्या हाताशी वेळ असतो. काकडी चिरणे, पन्हे करणे, पिशवी भरणे ही कामे आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींना सहज जमतात. मुलगे ही कामे शिकले, तर सहलीचे शैक्षणिक मूल्य इतिहास-भूगोलापुरते मर्यादित राहणार नाही.

५. मोकळ्या जागा आणि वाहतूक

सहलीचा तिसरा आधार म्हणजे तिकिटाविना किंवा अल्प तिकिटात खुल्या असणाऱ्या जागा. केंद्र शासनाच्या नागरी नियोजनविषयक २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे सुचविले आहे. दाट वस्तीच्या पेठा आणि झोपडवस्त्या यांच्या वाट्याला एवढी जागा येत नाही. ही उणीव पुण्यात टेकड्या भरून काढतात. १९९७ मध्ये महापालिका हद्दीत आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले, ते या दृष्टीने महत्त्वाचे होते. या जागांवरील दबाव मात्र संपलेला नाही. वेताळ टेकडीच्या परिसरातून प्रस्तावित असलेला रस्ता व बोगदे यांच्या विरोधात २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. वाहतूककोंडी हा खरा प्रश्न असल्यामुळे रस्त्याच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. परंतु टेकडीची किंमत ठरविताना तेथे रविवारी पहाटे पायी येणाऱ्या कुटुंबांची गणना बहुधा कोणत्याच हिशेबात होत नाही.

मोकळी जागा असणे आणि तेथे पोहोचता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशवे पार्कमधील प्राणिसंग्रहालय पर्वतीच्या पायथ्याशी, जुन्या शहरातून चालत जाता येईल अशा अंतरावर होते. तेथील 'फुलराणी' ही छोटी आगगाडी १९५६ पासून मुलांचे आकर्षण ठरली. १९९९ मध्ये कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पेशवे पार्कमधील प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे हलविण्यात आले. अरुंद पिंजऱ्यांऐवजी प्रशस्त आवारे मिळाल्याने प्राण्यांच्या दृष्टीने हा निर्णय निश्चितच हिताचा होता. पेठांतील कुटुंबांसाठी मात्र पायी होणारी सहल बसची सहल झाली. म्हणजेच चांगल्या सार्वजनिक निर्णयालाही वाहतुकीची जोड लागते.

सिंहगडाच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. गडाच्या पायथ्यापर्यंत शहर बस जाते. तेथून पुढे पायवाटेने चढता येते. परंतु वृद्ध व लहान मुले बरोबर असल्यास घाटरस्त्याने वाहनाची गरज भासते. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोटारींची एवढी गर्दी होते की घाटातच तासभर अडकून पडावे लागते. मे २०२२ मध्ये घाटात खासगी वाहनांऐवजी विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सोडण्याचा प्रयोग करण्यात आला. तो त्याच महिन्यात थांबवावा लागला. एक प्रयोग फसला म्हणून त्यामागील विचार चुकीचा ठरत नाही. सक्षम बससेवेअभावी गड हळूहळू मोटारवाल्यांचाच होत जाईल, हा धोका कायम आहे.

६. सुरक्षितता

जवळच्या सहलीत एक मानसिक सैलपणा असतो. 'इथेच तर जायचे आहे' या भावनेने पूर्वतयारी कमी होते. दर उन्हाळ्यात धरणे, तलाव व नद्यांमध्ये बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, हे या सैलपणाचे गंभीर रूप होय. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरल्यावर काठावर गाळाचा थर उघडा पडतो. तो वरून कोरडा आणि आतून दलदलीचा असतो. काठाजवळ गुडघाभर वाटणारे पाणी बुडालेल्या नदीपात्राच्या कडेशी एकाएकी खोल होते. तलावात पोहण्याची सवय असलेल्या तरुणालाही ही रचना माहीत नसते. म्हणून धरणाच्या पाण्यात न उतरणे, हाच नियम योग्य आहे. खडकवासल्याचे पाणी शहराला पिण्यासाठी येते, हेही त्याचे आणखी एक कारण आहे.

गर्दीचा धोका वेगळ्या स्वरूपाचा असतो. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. ही सर्व माणसे कोणत्याही साहसी मोहिमेवर निघालेली नव्हती. ती सुट्टीचा दिवस घालविण्यासाठी आली होती. जवळच्या स्थळांची गर्दी मोजणे, धोकादायक बांधकामे वेळीच बंद करणे आणि सुट्टीच्या दिवशी तेथे माणूस नेमणे ही कामे कुटुंबाच्या आवाक्यातील नसून व्यवस्थेची आहेत.

७. महाविद्यालयांची भूमिका

हा विषय एका ज्ञानशाखेचा नाही. महाविद्यालयातील विविध विभागांना त्यातून स्थानिक पातळीवर उपयुक्त काम उभे करता येईल. भूगोल विभागाचे विद्यार्थी एकाच दिवशी शहरातील रस्ता, बाग व टेकडी येथील तापमानाच्या नोंदी घेऊ शकतात. अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांना परिसरातील कुटुंबांच्या सुट्टीचे वार, सहलीचा खर्च व श्रमविभागणी यांचे छोटे सर्वेक्षण करता येईल. गृहविज्ञान विभाग प्रवासातील पदार्थांच्या टिकाऊपणाची पद्धतशीर नोंद करू शकेल, तर मराठी व इतिहास विभागांना स्थळांविषयीच्या स्मृती ज्येष्ठांकडून संकलित करता येतील. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची यंत्रणा अशा कामांसाठी उपलब्ध आहेच.

याशिवाय महाविद्यालयांकडे स्वतःची मैदाने, झाडे व ग्रंथालये आहेत. उन्हाळी सुट्टीत ती बहुतांश बंद असतात. नेमक्या त्याच काळात परिसरातील मुलांना सावलीची व मैदानाची गरज असते. महिन्यातील काही दिवस सकाळच्या वेळी ती परिसरातील कुटुंबांसाठी खुली ठेवता आली, तर त्यासाठी वेगळ्या निधीची फारशी आवश्यकता भासणार नाही.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, घराजवळची उन्हाळी सहल ही क्षुल्लक वाटणारी कृती असली तरी तिच्यामागे कामगारांनी मिळविलेली सुट्टी, पठाराचा भूगोल, टेकड्या-बागांचे जतन, बसची सोय आणि स्त्रियांचे न मोजलेले श्रम एकत्र आलेले असतात. यांपैकी एखादा आधार ढळला, तर संपन्न कुटुंबाला फारसा फरक पडत नाही. ते मोटारीने दूर जाऊ शकते. फरक पडतो तो गुरुवारची सुट्टी जुळवून, दशम्यांचा डबा घेऊन, शहर बसने गडाच्या पायथ्याशी उतरणाऱ्या कुटुंबाला. त्याच्या मुलांना वर्षातून चार-सहा वेळा डोंगर, झाड आणि आईवडिलांचा निवांत सहवास मिळणे, हे शहराच्या नियोजनाचे एक उद्दिष्ट मानले जावे. विरंगुळ्याचा हक्क घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तो सर्वसामान्यांच्या रविवारपर्यंत, आणि गुरुवारपर्यंतही, पोहोचविणे हे शासन, स्थानिक संस्था, शिक्षणसंस्था आणि स्वतः कुटुंब या सर्वांचे समाईक उत्तरदायित्व आहे.